गालाचा टेकू

सातारला माझ्या मामांच्या घरी, माजघरातून ओसरीवर येताना उजव्या हाताला जी खुंटी लागते, तिच्यावर छत्री, बाजाराची पिशवी आणि काठी यांच्या संगतीत चामड्याचे एक लांबट वेष्टन वर्षानुवर्षे टांगलेले आहे. नवख्या माणसाला ते काय आहे हे ओळखू येत नाही. कोणी त्यास घोड्याच्या सरंजामातील एखादा अवशेष समजतो, तर कोणी जुन्या पखालीचा तुकडा मानून पुढे जातो. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा मूळचा पिवळसर तांबूस वर्ण त्याच्या कडांशी अद्याप शिल्लक आहे. परंतु मध्यभागी, तळहाताएवढ्या जागेत, ते काळपट आणि विलक्षण गुळगुळीत झालेले असून तेथे बोट फिरवले असता किंचित खोलगट असा एक उतार लागतो. तो उतार कोणत्याही हत्याराने काढलेला नाही. एका मनुष्याच्या उजव्या गालाने, त्याच्या घामाने आणि दाढीच्या खुंटांनी, दीर्घ काळच्या संथ घर्षणातून तो घडवलेला आहे.

हे वेष्टन ज्या रायफलीच्या दस्त्यावर चढवलेले असे ती पॉइंट टू टू बोअरची रायफल आता घरात नाही. हाताला कंप सुटू लागल्यावर मामांनी परवान्याचे नूतनीकरण न करता ती रीतसर जमा केली. तिचा क्रमांक, बनावट, शिल्लक काडतुसे यांची दफ्तरी नोंद झाली, पावती मिळाली आणि एका दीर्घ सहवासाचा व्यवहार शिरस्त्याप्रमाणे पुरा झाला. चामड्याच्या ह्या वेष्टनाची मात्र कोणत्याही रजिस्टरात नोंद नव्हती. परवान्याच्या रकान्यांत त्याला जागा नव्हती, किंमत नव्हती, क्रमांक नव्हता. म्हणून ते मागे राहिले. रायफल कोणाच्याही नावावर चढू शकली असती. हे वेष्टन दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडले नसते, आणि त्याच्याविषयी मला जे ममत्व वाटते त्याचे कारण बहुधा हेच असावे.

रायफलीचा नेम डोळ्याने धरला जातो हे खरे. परंतु डोळा आपल्या ठिकाणी आहे की नाही हे डोळ्याला पुरतेपणी समजत नाही, ते गालाला समजते. खांद्याशी टेकवलेल्या दस्त्याच्या वरच्या कडेवर गाल प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच भाराने विसावला, तर डोळा आपोआप दृष्टिरेषेत येतो. आणि गाल थोडा वर, थोडा खाली, थोडा पुढे-मागे झाला, तर नेम बिनचूक वाटत असतानाही गोळी भलतीकडे जाते. साध्या माशीच्या रायफलीत ही रेषा नळीला लगटून जाते, म्हणून दस्त्याची कडही त्या बेताने खाली ठेवलेली असते. त्याच रायफलीवर दुर्बीण बसवली की दृष्टीची रेषा इंच-दीड इंच वर चढते, दस्ता मात्र होता तेथेच राहतो. मग नेम धरणाऱ्याला डोके उचलावे लागते, गाल सुटतो, हनुवटीचे टोक कसेबसे लाकडाला टेकते, मानेचे स्नायू ताठतात, आणि दुर्बिणीच्या वर्तुळात एका कडेला काळी चंद्रकोर उगवते. ती चंद्रकोर दिसली की समजावे, डोळा आपल्या जागी नाही. हा सारा बिघाड दूर करण्यास लागते ते एवढेच, की दस्त्याच्या पाठीवर गालाच्या मापाचा एक उंचवटा हवा. कारखान्यातला दस्ता सरासरी मनुष्यासाठी घडवलेला असतो, आणि तो सरासरी मनुष्य साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, आजवर कोणाच्या पाहण्यात आलेला नाही.

फौजेला ही गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक होती. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात निघून आधी लष्करात आणि पुढे कित्येक दशके पोलिसांच्या खांद्यावर नांदलेली जी थ्री नॉट थ्री ली-एनफिल्ड रायफल, तिचे दस्ते लांब, साधारण, आखूड आणि त्याहूनही आखूड अशा चार मापांत तयार होत. म्हणजे सरकारने शिपायाच्या हाताची लांबी हिशेबात घेतली होती. चेहऱ्याची घडण मात्र घेतली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात नंबर ४ रायफलीवर दुर्बीण चढवून ती निवडक नेमबाजांसाठी सिद्ध करण्याचे काम १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड ह्या पेढीकडे आले. मूळची ही पेढी शिकारी बंदुका गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन घडवणारी. त्या रायफलींच्या दस्त्यांवर लाकडाचा एक घडीव उंचवटा स्क्रूंनी बसवला जाई. वर बसवलेली दुर्बीणही मुळात ब्रेन गनसाठी योजलेली. रायफल एका कामाची, दुर्बीण दुसऱ्या कामाची, आणि त्या दोहोंत समेट घडवणारा तो लाकडाचा तुकडा. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये, कोतीत म्हणजे शस्त्रागारात ठेवलेली अशी एक रायफल मामांनी तरुणपणी, फौजेत असताना, पाहिली होती. तिच्या दुर्बिणीचे त्यांना फारसे अप्रूप वाटले नाही; त्या लाकडी उंचवट्यावरून हात फिरवण्याची परवानगी त्यांनी आर्मररकडे मागितली होती, हे ते अजून सांगतात.

पहिल्या महायुद्धात ज्या एका गावाचे ४६ जवान कामी आले ते अपशिंगे आमच्या साताऱ्याजवळच आहे. त्या गावातल्या आणि त्याच्या आसपासच्या घराघरांतून जे लोक ज्वारीची कणसे खुडता खुडता पलटणीत गेले आणि ज्यांच्या गालाखाली परक्या सरकारचा दस्ता आला, त्यांना तो कसा लागला असेल? कोणाचे गालफड रुंद असेल, कोणाचे डोळे खोल असतील, कोणाची मान आखूड असेल. कवायतीचे उस्ताद सर्वांना एकच गोष्ट सांगत आले, आणि मामांनाही त्यांनी तीच सांगितली : रायफल सरकारची आहे, ती बदलणार नाही; तू बदल. मामांनी सबंध नोकरीभर ही आज्ञा पाळली. मान वाकवली, खांदा पुढे काढला, गाल दाबला आणि नेमही उत्तम धरला. शरीराला वस्तूच्या स्वाधीन करण्याच्या ह्या विद्येत मोठे तप आहे, हे मी नाकारत नाही. रांगेत उभ्या असलेल्या हजारो माणसांना एकाच हत्याराने लढावयाचे असते तेव्हा दुसरा इलाजही नसतो. तथापि पेन्शनीत आल्यावर, स्वतःच्या पैशाने स्वतःच्या नावावर रायफल घेतली तेव्हा मामांनी पहिले काम केले ते हे, की त्या रायफलीला आपल्या गालाकडे बोलावले.

तो टेकू तयार होत असताना मी लहान होतो आणि मदतनीस म्हणून हजर होतो. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून वेगळा ठेवलेला, ओसरीवर सतरंजी, तिच्यावर मामा पालथे पडलेले. दस्त्यावर सुती पट्टीचा एक सैल वेढा, आणि माझ्या हातात पत्रांच्या तारेवरून उतरवलेली जुनी पोस्टकार्डे. मामा डोळे मिटून रायफल खांद्याला घेत, डोके सैल सोडत आणि मग डोळे उघडत. डोळे मिटण्याचे कारण मला पुष्कळ उशिरा उमगले. उघडा डोळा लबाडी करतो. दुर्बिणीत नीट दिसावे म्हणून तो मानेला नकळत उचलून धरतो. मिटलेल्या डोळ्याला कोठे जावयाचे हे माहीत नसल्यामुळे डोके आपल्या खऱ्या वजनाने, आपल्या खऱ्या जागी येते. मामा डोळे उघडत, चंद्रकोर कोणत्या बाजूला आहे ते पाहत आणि म्हणत, “आनखी एक सरकव.” मी पट्टीखाली एक पोस्टकार्ड सरकवी. कोणाच्या लग्नाची बोलणी, कोणाच्या म्हशीची किंमत, कोणी सुखरूप पोहोचल्याची खबर, असा सगळा मजकूर एकावर एक रचला जाऊन मामांच्या गालाखाली जात होता. काही वेळाने ते म्हणाले, “एक काढ.” मी काढले. त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, तसेच पडून राहिले. आणि मी पोस्टकार्डांचा तो गठ्ठा जसाच्या तसा दोऱ्याने बांधून माप म्हणून ठेवून दिला.

आता हे माप कशाने भरावयाचे हा प्रश्न होता. गादीचा कापूस मऊ खरा, पण तो दबतो आणि एकदा दबला की उठत नाही. स्पंज दाबला की बसतो, सोडला की फुगतो. उन्हाळ्यात एक उंची देतो, हिवाळ्यात दुसरी. गालाखाली मऊपणा नको असतो, भरवसा हवा असतो. मामांनी शेवटी माण तालुक्यातून आलेल्या एका जुन्या घोंगडीचा काठ काढला. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे ताठ आणि कंगोरेदार असते. पावसाळे खाल्लेली, वारंवार धुतलेली घोंगडी तशी राहत नाही. तिच्या लोकरीचे धागे परस्परांत रुतून बसतात, ती दाबली तरी हटत नाही आणि तिच्यात घाम साचत नाही. त्या काठाच्या घड्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याशी ताडून, टाचून, पुन्हा ताडून मामांनी एक चपटी गादी शिवली. ती शिवताना त्यांनी मापात काडीचाही फरक पडू दिला नाही. जाडी जास्त झाली तेव्हा आख्खा थर उसवून पुन्हा घातला.

वरचे चामडे शिवण्यासाठी आम्ही बाजारातील ज्या चर्मकाराकडे गेलो त्याच्या दुकानात कोल्हापुरी वहाणांचे जोड टांगलेले होते. नाव कोल्हापूरचे असले तरी सातारा आणि सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत ह्या वहाणांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याने गादी हातात घेतली, दस्त्याचा कागदी नमुना पाहिला, मग मामांच्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि विचारले, “सुभेदार, दाढी रोज करता का?” ज्या माणसाचे खुंट राठ असतील त्याच्यासाठी कातडे पाठीकडचे घ्यावे लागेल, पोटाकडचे चालणार नाही, पोटाचे ताणते आणि लवकर खरवडते, असा त्याच्या प्रश्नाचा आशय होता. मग त्याने रापीने कातडे कापले आणि ज्या कडेवर गाल येणार ती कड आतून छिलून कागदाइतकी पातळ केली, म्हणजे तिचा काठ कातडीला जाणवू नये. कातडे भिजवून गादीवर ओढले, आरीने दुतर्फा भोके पाडली, भोकांतून वादी ओवली आणि तिची ओवण दस्त्याच्या खालच्या अंगाला, गालापासून दूर राहील अशी बेतली. मामांनी पितळी बक्कल सुचवताच त्याने मान हलवली. सालीत कमावलेल्या चामड्याशी पितळ लागले की हिरवे पडते. आमच्या पावसात तर फारच लवकर. वादीच बरी. तिने बांधले की लाकडाला खिळाही लागत नाही, आणि पावसाळ्यात सगळे सोडून वाळवता येते. बोल्ट मागे ओढताना अडू नये म्हणून टेकूची पुढची सीमा कोठवर असावी हे मात्र मामांनीच खडूने आखून दिले.

गालाला स्मरण असते, असे मला त्या वेळेपासून वाटत आले आहे. आपण स्मृतीचे अधिष्ठान सदैव मस्तकात मानतो. परंतु काळोखात घराच्या पायऱ्या उतरताना पायाला जे ठाऊक असते ते मस्तकाला विचारून ठाऊक झालेले नसते. २०२३ साली बर्लिनला अवघ्या १७व्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झालेली अदिती स्वामी आमच्या साताऱ्याची. धनुष्याला तर दस्ताच नसतो. म्हणून तिरंदाज प्रत्यंचा ओढलेला हात प्रत्येक वेळी जबड्याशी एकाच जागी आणून ठेवतात, आणि त्या स्पर्शाची खूण पटल्यावाचून बाण सोडत नाहीत. आपल्या शरीरावर अशी एक निश्चित जागा असावी की जेथे येऊन लक्ष स्थिर व्हावे, ही मनुष्याची फार पुरातन गरज असली पाहिजे. जप करणाराचा अंगठा मण्यावर जेथे थांबतो तेथेही मला तीच गरज दिसते.

मामांची नात सांगलीला शिकते आणि तेथील एका लहानशा क्लबात एअर रायफल चालवते. दहा मीटरवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा सोडावयाचा, आणि ज्या ठिपक्याला दहा गुण तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पंचाहत्तर मिनिटांत असे साठ छर्रे, पाच किलोंच्या आसपास वजन पेलत, उभ्याने. तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक आणले, तेव्हापासून कृष्णा-पंचगंगेच्या ह्या मुलखातील पुष्कळ मुलामुलींच्या मनात ही विद्या शिरली आहे. वरच्या दर्जाच्या जर्मन रायफलींना गालाचा आधार स्क्रूने वरखाली, आत-बाहेर करण्याची सोय असते. कुसाळे ज्या प्रकारात खेळतो त्यात गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने असे तिन्ही पवित्रे असल्यामुळे खेळाडू प्रत्येक पवित्र्यागणिक तो आधार नव्याने जुळवतात. क्लबातली रायफल मात्र सामायिक, तिचा स्क्रू झिजलेला, आणि आधार कोणा उंच पुरुषाच्या मापाने कायमचा बसलेला. मुलीचा चेहरा लहान. गालाच्या हाडापासून डोळ्यापर्यंतचे अंतर कमी. म्हणून तिला टेकू अधिक उंच हवा. तिने मोबाइलवर फोटो पाठवले. मामांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि म्हणाले, “फोटोत वजन कुठं दिसतंया?” आणि आम्ही दोघे एसटीने सांगलीला गेलो.

तेथे पुन्हा तोच विधी झाला. फक्त पोस्टकार्डांऐवजी तिच्या वहीचे पुठ्ठे कापून घेतले. “डोळं मिट. गाल ठिवू नगंस, टाक. सगळं डोस्कं टाक.” मुलगी म्हणाली, “आजोबा, टाकलं की खाली जातं.” मामा म्हणाले, “जाऊ दे की. कुठवर जातंय तेच बघायचंय.” एरवी ती पोर डोके सावरून धरते, घरात, वर्गात, रस्त्यावर मुलींना डोके सावरूनच धरावे लागते. ते एकदा पूर्ण भाराने खाली सोडण्यास तिला बराच वेळ लागला. मामांनी घाई केली नाही.

परतताना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो, कारण मामांच्या मनात लाकडाविषयी काही घोळत होते. ह्या गल्लीचा इतिहास मला नेहमीच आपल्या इकडच्या इतिहासाचा एक मर्मस्थानीचा भाग वाटतो. येथील सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, हत्यारे पाजळणे आणि घडवणे हा त्यांचा कदीम पेशा. राज्ये बुडाली, हत्यारांची मागणी सरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी मिरजेच्या पटवर्धन संस्थानच्या आश्रयाने तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास आणि पुढे घडवण्यास प्रारंभ केला. भीमाकाठच्या मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारे भोपळे, तुणीचे लाकूड, आणि पात्यावरून धार पारखणारी तीच बोटे. येथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते योग्यच झाले. पुरुषांचा तंबोरा मोठा, स्त्रियांचा लहान, हा भेद ह्या गल्लीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गाणाऱ्याचा स्वर कोणता, मांडी घातल्यावर भोपळा कोठे येतो, हे विचारूनच काम सुरू होते. सरकारी दस्त्याला जे सुचले नाही ते ह्या शस्त्रकारांच्या वंशजांना पहिल्या प्रश्नातच सुचते.

आम्ही गेलो तेव्हा एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. घोडीच्या पाठीवर कानसीचा एक हलका हात, मग तारेखाली सुताचा धागा, मग तार छेडून ऐकणे, धागा किंचित पुढे, पुन्हा ऐकणे. आणि एका क्षणी, काहीही बदललेले दिसत नसताना, तारेचा कोरडा आवाज उलगडून त्यात झंकार भरला. मामांनी माझ्या दंडाला धरले. त्या धाग्यात आणि माझ्या हातून सरकलेल्या शेवटच्या पोस्टकार्डात त्यांना काय साम्य दिसले हे त्यांनी बोलून दाखवले नाही, पण मला ते तत्क्षणी कळले.

मग त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दस्त्याचा कागदी नमुना काढून त्या कारागिरापुढे ठेवला. घोंगडीचा टेकू तूर्त चालेल, पण मुलगी आता स्पर्धांना जाणार. तुणीच्या हलक्या लाकडात कायमचा एक घडवून मिळेल काय, असे त्यांचे विचारणे होते. कारागिराने गठ्ठा चिमटीत धरून पाहिला, नमुना उलटसुलट केला आणि तो आदबीने परत मामांच्या हाती दिला. “सुभेदारसाहेब, हे माप झालं. गाल कुठाय?” रायफल क्लबाच्या दाराबाहेर नेता येत नाही, असे मामांनी सांगितले. तो क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला की रायफल येऊ शकत नसेल तर त्याला सांगलीला येता येईल, बस अर्ध्या तासात जाते. मात्र उरुसाची कामे उरकेपर्यंत थांबावे लागेल, आणि दरम्यान मुलीची उंची वाढली तर आताचे पुठ्ठे फेकून द्यावेत. मामांनी पुठ्ठे पिशवीत टाकले. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारले, क्लब रविवारी किती वाजता उघडतो, आणि परक्या माणसाला आत घ्यायचे तर अर्ज कोणाच्या नावे करावा लागेल.